ध्रुवावर पोहोचलो, हे ओळखायचं कसं?

पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवर निसर्गाने स्वतःची अशी कोणतीच खूण ठेवलेली नाही. गिर्यारोहक शिखरावर पोहोचला की वर चढायला काही उरत नाही, म्हणून वाद घालायला फारशी जागाही राहत नाही. दक्षिण ध्रुवाचं तसं नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८३५ मीटर उंचीवरचं ते एक सपाट पठार आहे, आणि ही उंची बहुतेक सगळी बर्फाचीच. ध्रुवाखाली जवळजवळ २,७०० मीटर बर्फ आहे, खडक त्याच्याही खाली. शेवटचे शंभर किलोमीटर चालताना पुढेमागे, डावीउजवीकडे तेच पांढरं पठार दिसत राहतं. उत्तर ध्रुवावर तर जमीनच नाही. तिथे ४,००० मीटरहून खोल समुद्र आहे आणि त्यावर दोन-तीन मीटर जाडीचा, सतत वाहणारा बर्फ. सर्वांत जवळची जमीन सातशे किलोमीटरवर, ग्रीनलँडच्या उत्तर टोकाला.

मग १९०९ किंवा १९११ साली, उपग्रह नसताना, सोबत बिनतारी यंत्रही नसताना, तिथे गेलेल्या माणसाने ‘हाच तो बिंदू’ असं कशाच्या जोरावर म्हटलं? दक्षिण ध्रुव गाठल्याचं सांगणाऱ्या नॉर्वेच्या अमुंडसेनवर जगाने विश्वास ठेवला, पण उत्तर ध्रुव गाठल्याचं सांगणाऱ्या पिअरी आणि कुक या अमेरिकनांच्या दाव्यांवर शंभर वर्षांनंतरही वाद का चालू आहे? ध्रुवमोहिमांच्या गोष्टी आपल्याकडे धाडस, चुरस आणि मृत्यू यांच्या अंगाने सांगितल्या जातात, मोजमापाचा भाग दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक मोहिमेचा निकाल लागतो तो मोजमापावरच. आणि ते समजायला दहावीपर्यंतची भूमिती पुरते.

आधी कोणता ध्रुव ते ठरवू

भौगोलिक ध्रुव म्हणजे पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष पृष्ठभागाला जिथे छेदतो ते ठिकाण. सगळे रेखांश तिथे एकत्र येतात. चुंबकीय ध्रुव वेगळा. मोकळी टांगलेली चुंबकसुई जिथे आडवी न राहता सरळ उभी होते, ते त्याचं ठिकाण. जेम्स क्लार्क रॉस १ जून १८३१ रोजी कॅनडाच्या बूथिया द्वीपकल्पावर अशा जागी पोहोचला. तिथे सुईचा कल ८९ अंश ५९ कला भरला. (एका अंशाचे साठ समान भाग केले की एका भागाला कला म्हणतात. हे एकक पुढे सारखं लागणार आहे.) सुमारे सात दशकांनी, १९०३ ते १९०६ च्या मोहिमेत, अमुंडसेनने त्याच भागात पुन्हा मोजमाप केलं आणि हा ध्रुव जागचा हलल्याचं दाखवून दिलं. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड वाहतं, त्या प्रवाहातून चुंबकत्व तयार होतं, आणि प्रवाह बदलला की ध्रुवही सरकतो. या शतकाच्या सुरुवातीला उत्तर चुंबकीय ध्रुव वर्षाला पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने कॅनडाकडून सायबेरियाच्या दिशेने जात होता. आता वेग थोडा कमी झाला आहे, आणि भौगोलिक ध्रुवापासून त्याचं अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. दक्षिणेकडचा चुंबकीय ध्रुव १६ जानेवारी १९०९ ला एजवर्थ डेव्हिड, मॉसन आणि मॅके यांनी गाठला तेव्हा अंटार्क्टिकाच्या जमिनीवर होता. आज तो किनाऱ्याबाहेर समुद्रात आहे, भौगोलिक ध्रुवापासून अडीच हजार किलोमीटरहून दूर.

चुंबकीय नोंदी किती नाजूक असतात याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. त्यांच्या प्रवाहाने उपकरणांना धक्का बसणार म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवलं गेलं, आणि ती वेधशाळा आजही चालू आहे. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही, म्हणून सह्याद्रीत भटकणाऱ्याला ‘खरी उत्तर’ आणि ‘सुईची उत्तर’ हा फरक जाणवत नाही. ध्रुवाजवळ मात्र सुईवर विसंबून चालत नाही. भौगोलिक दक्षिण ध्रुवावर ती चुंबकीय ध्रुवाकडे वळते, आणि ती दिशा अर्थातच उत्तर असते, कारण त्या बिंदूवरून निघणारी प्रत्येक दिशा उत्तरच आहे. म्हणून ध्रुव शोधणाऱ्याचा खरा आधार सूर्य.

सूर्याची उंची हीच किल्ली

ठीक ध्रुवावर उभं राहिलं तर सूर्य चोवीस तासांत क्षितिजाला समांतर एक वर्तुळ पुरं करतो. दिवसभरात तो उगवत नाही, मावळत नाही, आणि त्याची उंची जवळजवळ बदलत नाही. ही उंची असते सूर्याच्या त्या दिवशीच्या क्रांतीएवढी. क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून सूर्याचं कोनीय अंतर. २१ मार्चच्या सुमारास ती शून्य असते, जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जास्तीत जास्त, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस अंश. दर्यावर्दी जे नाविक पंचांग बाळगतात त्यात ती दिवसवार छापलेली असते आणि मधल्या तासांची काढता येते. थोडक्यात, पंचांगातला आकडा आणि आपण मोजलेली उंची चोवीस तास जुळत राहिली, तर आपण ध्रुवावर आहोत.

ध्रुवापासून थोडं बाजूला असलो तर काय होतं? मळणीच्या खळ्यात मधल्या तिवड्याभोवती बैल फिरतो आहे असं समजा. तिवड्याला टेकून उभं राहिलं तर बैल सतत सारख्याच अंतरावर दिसेल. चार पावलं बाजूला सरकलो तर तो एका बाजूला जवळून जाईल आणि दुसऱ्या बाजूला लांबून. जवळच्या-लांबच्या अंतरातल्या फरकाचा निम्मा म्हणजे तिवड्यापासून आपलं अंतर. शिवाय बैल सर्वांत लांब असतो तेव्हा तिवडा आपल्या आणि त्याच्या मध्ये असतो. सूर्याच्या बाबतीत ‘जवळ’च्या जागी ‘उंच’ आणि ‘लांब’च्या जागी ‘खाली’ घ्या, की गणित झालं.

आकड्यांत पाहू. डिसेंबरच्या मध्यात क्रांती २३ अंश १५ कला आहे. दिवसभर दर तासाला उंची मोजली. सर्वांत जास्त भरली २३ अंश २० कला, सर्वांत कमी २३ अंश १० कला. फरक १० कला, निम्मा ५ कला. पृथ्वीच्या पृष्ठभागावर अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे ध्रुव ५ सागरी मैलांवर, सव्वानऊ किलोमीटरवर आहे. कुठे? सूर्य सर्वांत खाली होता तेव्हा तो ज्या दिशेला दिसला, त्या दिशेला. दोन्ही टोकांची सरासरी २३ अंश १५ कला येते आणि ती पंचांगाशी जुळते, त्यामुळे उपकरणात मोठा दोष नाही याचीही खात्री होते.

इथे एक अडचण आहे. पाच मैलांवर सूर्याची उंची बारा तासांत जेमतेम दहा कला बदलते. सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या हातातल्या उपकरणाने, बर्फावर काम करताना एका कलेपर्यंत अचूकता मिळाली तरी ती उत्तम समजावी. म्हणजे ध्रुवाचं अंतर बरं कळतं, दिशा मात्र ढोबळच कळते. जितकं जवळ जावं तितकी ही दिशा धूसर होत जाते. रेखांशांचंही तसंच. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, तर ध्रुवापासून दहा सागरी मैलांवर तेच अंतर उणंपुरं सव्वातीनशे मीटर.

पाऱ्याचं ताट आणि थंडी

समुद्रावर सेक्स्टंटने सूर्य आणि क्षितिज यांमधला कोन मोजतात. ध्रुवीय पठारावर क्षितिजावर भरवसा ठेवता येत नाही. वाऱ्याने बर्फावर उंचसखल लाटा कोरलेल्या असतात, हवेत हिमकण असतात, आणि थंड-उबदार थरांमुळे क्षितिज वर उचललेलं किंवा खाली गेलेलं दिसतं. म्हणून कृत्रिम क्षितिज वापरतात. एका उथळ ताटलीत पारा ओतायचा. द्रवाचा पृष्ठभाग आपोआप अगदी सपाट होतो. मग आकाशातला सूर्य आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांमधला कोन सेक्स्टंटने मोजायचा. तो खऱ्या उंचीच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मा करायचा. निम्मा करताना वाचनातली चूकही निम्मी होते, हा वरचा फायदा.

पारा उणे ३८.८ अंश सेल्सियसला गोठतो. त्याहून थंडी असेल तर तो आधी तंबूत किंवा इग्लूत ऊबवून आणावा लागतो आणि ऊब टिकेल तेवढ्यात काम आटपावं लागतं. वाऱ्याच्या झुळकीने पाऱ्यावर तरंग उठतात आणि प्रतिबिंब थरथरतं. ते टाळायला ताटलीवर काचेचं छप्पर ठेवतात. पण त्या काचेच्या दोन बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर नसतील तर किरण वाकतो आणि नवीच चूक शिरते. म्हणून अर्धी वाचनं झाली की छप्पर फिरवून ठेवायचं आणि उरलेली घ्यायची. श्वासाची वाफ भिंगावर क्षणात गोठते, म्हणून श्वास रोखून वाचन घ्यावं लागतं. उघड्या बोटाने धातूला हात लावला तर कातडी चिकटते, आणि जाड हातमोज्यात सूक्ष्म स्क्रू फिरवता येत नाही. सूर्य खूप खाली असेल तर प्रतिबिंबाचे किरण जवळजवळ जमिनीला घासून येतात, मग बर्फावर कातडं अंथरून पालथं पडून बघावं लागतं. तळपत्या बर्फावर तासभर एका डोळ्याने असं पाहिल्यावर तो डोळा पुढच्या वाचनाला कामाचा राहत नाही. दोन माणसांनी आळीपाळीने मोजावं, हा नियम आधी अशा कारणांसाठी आहे. पुराव्याचा विचार त्यानंतरचा.

वाचन मिळालं तरी ते कच्चंच. सेक्स्टंटचा स्वतःचा शून्यदोष वजा करायचा. मग कोन निम्मा करायचा. सूर्याची कड टेकवून मोजलं असेल तर त्याच्या बिंबाची त्रिज्या, १६ कला, मिळवायची किंवा वजा करायची. ही एक पायरी विसरली तर माणूस १६ मैल चुकतो. शेवटी वक्रीभवन. वातावरणातून येताना प्रकाश वाकतो आणि सूर्य आहे त्याहून वर दिसतो. तेवीस अंश उंचीवर, दक्षिण पठाराच्या विरळ हवेत, ही दुरुस्ती दोन कलांच्या आसपास असते. सूर्य साडेसहा अंशांवर असेल आणि हवा समुद्रसपाटीची व कडाक्याची थंड असेल तर ती आठ-नऊ कलांपर्यंत जाते, आणि तापमानाप्रमाणे बदलते. अगदी क्षितिजालगत तर काहीच भरवसा नाही. १५९७ च्या जानेवारीत नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या विलेम बारेंट्सच्या खलाशांना सूर्य अपेक्षेच्या तब्बल दोन आठवडे आधी दिसला होता. थंड हवेच्या थरांनी त्याचा प्रकाश क्षितिजाखालून वर वाकवून आणला होता.

म्हणूनच कोणत्या महिन्यात ध्रुव गाठला याला महत्त्व आहे. डिसेंबरच्या मध्यात दक्षिण ध्रुवावर सूर्य उंच असतो आणि क्रांती दिवसाला दोन-तीन कलाच बदलते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उत्तर ध्रुवावर सूर्य सात अंशांच्याही खाली असतो आणि क्रांती जवळजवळ तासाला एक कला बदलते. दुसऱ्या परिस्थितीत चूक शिरायला कितीतरी जास्त वाटा आहेत. तरी उत्तरेकडे जाणारे एप्रिल निवडत, कारण त्यानंतर ऊन वाढून बर्फाला भेगा पडतात आणि मध्ये पाणी उघडं होतं.

अमुंडसेनने ध्रुवाला घेरलं

१४ डिसेंबर १९११ च्या दुपारी पाच नॉर्वेजियन थांबले: अमुंडसेन, हेल्मर हान्सेन, ऑस्कर विस्टिंग, ओलाव ब्यालान आणि स्वेरे हासेल. स्लेजच्या (बर्फावरच्या घसरगाडीच्या) मागे लावलेल्या, फेरे मोजणाऱ्या चाकावरून आणि आधीच्या वेधांवरून त्यांच्या हिशेबाने ध्रुव आला होता. पण चाक घसरतं, लाटांवरून उसळतं. तो हिशेब ध्रुव जवळ आल्याचं सांगतो, ध्रुव सापडल्याचं सांगत नाही.

मग त्यांनी केलं ते मोजमापाच्या दृष्टीने फार शहाणपणाचं होतं. विस्टिंग, हासेल आणि ब्यालान यांना स्कीवरून तीन दिशांना पाठवलं. एक जण आलेल्या दिशेनेच सरळ पुढे, दोघे तिच्याशी काटकोन करून डावी-उजवीकडे. प्रत्येकाने सुमारे २० किलोमीटर जाऊन स्लेज ज्यावर घसरते ती एक जादा पट्टी बर्फात रोवली आणि तिला काळं निशाण लावलं. चौथ्या बाजूने ते स्वतःच आले होते. उपकरणांची चूक काही मैलांची निघाली तरी ध्रुव या चौकटीच्या आत नक्की सापडला असता. या तिघांचा परतीचा मार्ग म्हणजे स्वतःच्याच स्कीच्या खुणा. वारा सुटून त्या बुजल्या असत्या किंवा आभाळ भरून आलं असतं तर त्यांना मुक्काम सापडणं कठीण होतं. हवा स्वच्छ राहिली.

दरम्यान मुक्कामावर सूर्याचे वेध चालू होते. त्यांतून ध्रुव अजून साडेपाच मैलांवर आहे असं निघालं. सगळा मुक्काम तिकडे हलवला आणि तिथे चोवीस तास, दर तासाला, सेक्स्टंट आणि कृत्रिम क्षितिज घेऊन जोडी-जोडीने पाळ्या लावून सूर्य मोजला. तरीही उरलेली शंका मिटवायला हान्सेन आणि ब्यालान आणखी काही मैल पुढे जाऊन आले. १७ डिसेंबरला मुक्कामाच्या जागी छोटा तंबू उभारून त्यांनी त्याला ‘पोलहाइम’ नाव दिलं. पुढे त्यांच्या नोंदींवरून इतरांनी नव्याने गणित केलं तेव्हा तंबू खऱ्या ध्रुवापासून सुमारे अडीच किलोमीटरच्या आत निघाला, आणि हान्सेन-ब्यालान ध्रुवाच्या काहीशे मीटरवरून गेल्याचं दिसलं. हातात धरायच्या सेक्स्टंटसाठी हा निकाल फार मोठा आहे.

याहून मोठा पुरावा मात्र त्यांच्या प्रतिस्पर्ध्यानेच दिला. ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख रॉबर्ट स्कॉट याचं पथक १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोहोचलं. त्यांच्याकडे थिओडोलाइट (तिपाईवर ठेवून कोन मोजायचं उपकरण) होता आणि गणित बॉवर्स करत होता. त्यांनी स्वतंत्रपणे ध्रुव काढला आणि दुसऱ्या दिवशी जवळच त्यांना पोलहाइम सापडलं. वेगळी माणसं, वेगळं उपकरण, वेगळी वाट, आणि उत्तर एकच. स्कॉटसह पाचही जण परतीच्या वाटेवर मरण पावले, पण त्यांच्या वह्या नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला मिळाल्या. हरल्याचं दुःख असतानाही त्यांनी जे मोजलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. त्या नोंदींबद्दल मला फार आदर वाटतो.

चूक नेहमी सोयीच्या बाजूने पडते

आता रॉबर्ट पिअरी. १ एप्रिल १९०९ ला त्याने कॅप्टन बॉब बार्टलेटला ८७ अंश ४७ कलांच्या आसपास परत पाठवलं. वेध घेऊन अक्षांश काढू शकणारा तो शेवटचा दुसरा माणूस. पुढे पिअरीबरोबर मॅथ्यू हेन्सन आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकेआ हे चार इन्युइट होते. बर्फावरच्या प्रवासात सगळे तरबेज, पण पिअरीची वाचनं तपासू शकेल असा त्यांच्यात कोणी नव्हता. उरलेले १३३ सागरी मैल, जवळजवळ २४६ किलोमीटर, त्यांनी पाच मजलांत कापले असं तो सांगतो. बार्टलेट असेपर्यंतच्या मजलांपेक्षा हा वेग बराच जास्त आहे, आणि टीकाकारांचं पहिलं बोट तिथेच जातं.

दुसरा आक्षेप भूमितीचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सूर्य माध्यान्हीला मोजून अक्षांश काढायचा तर आपलं माध्यान्ह नेमकं कधी हे ठाऊक हवं, आणि ते ठरतं रेखांशावरून. पिअरीने वाटेत रेखांश काढल्याच्या नोंदी नाहीत. निघालेल्या रेखांशावरूनच सरळ वर चाललो आहोत असं त्याने धरलं. समजा एखादा माणूस ध्रुवापासून ६० मैलांवर आहे, पण वाहत्या बर्फाने आणि वाटेतल्या वळणांनी तो धरलेल्या रेखांशापासून ६० अंश बाजूला गेला आहे. त्याच्या घड्याळाचं माध्यान्ह खऱ्या माध्यान्हापासून चार तास चुकलेलं असेल. त्या वेळी सूर्य क्रांतीपेक्षा ६० कला नव्हे, ३० कलाच वर दिसेल. तो म्हणेल, ध्रुव तीस मैलांवर आला. बाजूला जाणं ९० अंशांचं असेल तर उंची थेट क्रांतीएवढी येईल, आणि साठ मैल दूर असूनही तो ध्रुवावर उभा असल्याची नोंद करेल. ही चूक कधी उलट पडत नाही. माणूस आहे त्याहून ध्रुवाच्या जवळच आहे, असंच ती दरवेळी दाखवते. यावरचा उपाय म्हणजे सहा-सहा तासांच्या अंतराने, सूर्य वेगवेगळ्या बाजूंना असताना वाचनं घेणं. पिअरीच्या शेवटच्या मुक्कामावरच्या नोंदींत अशी वाचनं आहेत. पण ती त्याच्या एकट्याची आहेत, आणि त्यांना दुजोरा देणारं दुसरं काही नाही. १९८०च्या दशकात तज्ज्ञांनी त्याच्या वह्या आणि छायाचित्रांतल्या सावल्या तपासल्या. कोणी त्याला ध्रुवाजवळ ठेवलं, कोणी कित्येक मैल बाजूला. फ्रेडरिक कुकने २१ एप्रिल १९०८ ला ध्रुव गाठल्याचा दावा केला, पण मूळ नोंदी कधीच सादर केल्या नाहीत, त्यामुळे त्याच्याबाबत तपासायलाच काही हाती नाही.

बर्फ वाहतो तेव्हा

उत्तर ध्रुवावर मोजून होईपर्यंत पायाखालचा बर्फ सरकलेला असतो. २१ मे १९३७ ला सोव्हिएत संघाच्या चार जणांनी ध्रुवाजवळ बर्फाच्या तुकड्यावर तळ उभारला. इव्हान पापानिन त्यांचा प्रमुख. २७४ दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९३८ ला, त्यांना उचललं तेव्हा ते ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याजवळ पोहोचले होते. आजही ध्रुवाकडे स्कीवरून जाणारे रात्री तंबूत झोपतात आणि सकाळी उठल्यावर काही किलोमीटर मागे गेलेले असतात.

ब्रिटिश संशोधक वॉली हर्बर्टला याचा चांगलाच अनुभव आला. अलास्कातून निघालेलं त्याचं चार जणांचं पथक १९६९ च्या एप्रिलमध्ये ध्रुवाजवळ पोहोचलं. पोहोचल्याचा संदेश गेला, आणि मग वेध पुन्हा तपासताना आपण काही मैल बाजूला आहोत हे लक्षात आलं. सामान कमी करून ते पुन्हा निघाले, थांबले, मोजलं, पुन्हा सरकले, तोवर बर्फही सरकत होताच. अखेर ६ एप्रिल १९६९ ही तारीख पक्की झाली. बर्फावरून पायी आणि कुत्र्यांच्या स्लेजने उत्तर ध्रुव गाठल्याची ही पहिली निर्विवाद नोंद. त्याच्या आदल्या वर्षी, १९ एप्रिल १९६८ ला, राल्फ प्लेस्टेडचं पथक स्नोमोबाइलने पोहोचलं होतं. त्यांची जागा वरून उडणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने पडताळली होती.

पण ध्रुव निर्विवाद पाहणारे पहिले लोक हवेत होते. ‘नॉर्गे’ हे वायुजहाज अमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि उम्बेर्तो नोबिले यांच्यासह १२ मे १९२६ ला ध्रुवावरून गेलं. ते ११ मे रोजी स्वालबार्डच्या न्यू-आलेसुंद गावातून निघालं होतं. वायुजहाज बांधायचा तो लोखंडी मनोरा आजही तिथे उभा आहे, आणि त्याच गावात २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालतं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. अंटार्क्टिकातली ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रंही तिथूनच चालवली जातात. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहूनच निघाली होती, आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मैत्रीवरून निघालेलं भारतीय पथक जमिनीवरून दक्षिण ध्रुवापर्यंत जाऊन आलं.

आज तिथे खूण कशी ठेवतात

दक्षिण ध्रुवावर १९५६-५७ पासून अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट केंद्र आहे. तिथे दोन खुणा दिसतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावरचा चकचकीत गोळा, भोवती अंटार्क्टिक करार पहिल्यांदा करणाऱ्या बारा देशांचे झेंडे, ही छायाचित्रांसाठीची जागा. खरी खूण थोड्या अंतरावर असते. तिथला बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर वेडेल समुद्राच्या दिशेने सरकतो आणि केंद्र, झेंडे, खूण सगळ्यांनाच घेऊन जातो. म्हणून दरवर्षी १ जानेवारीला उपग्रहांच्या साहाय्याने जागा नव्याने मोजून नवी खूण ठोकतात. तिच्या माथ्यावरचं धातूचं चिन्ह त्या हिवाळ्यात तिथे राहिलेल्या कर्मचाऱ्यांनी घडवलेलं असतं. सगळ्या दिशा उत्तर असल्याने रोजच्या कामासाठी ग्रिनिचच्या रेखांशाची दिशा ‘जाळीची उत्तर’ मानतात, आणि घड्याळ न्यूझीलंडचं लावतात, कारण विमानं आणि सामान ख्राइस्टचर्चमार्गे येतं.

अक्षही पूर्ण स्थिर नाही. सेथ चँडलरने १८९१ मध्ये दाखवलं की पृथ्वीच्या कवचाच्या संदर्भात ध्रुव सुमारे चौदा महिन्यांच्या फेऱ्याने हलका डुलतो. त्यात वार्षिक डुलणं मिसळलं की खरा ध्रुव काही मीटरच्या वर्तुळात फिरत राहतो. नकाशातला ९० अंश हा ठरवून घेतलेला सरासरी बिंदू आहे.

सेक्स्टंटची जागा आता जीपीएसने घेतली आहे, पण ध्रुवावर त्यालाही अडचणी येतात. या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवावरून पाहिलं तर ते क्षितिजापासून ४५ अंशांच्या फारसे वर कधी येतच नाहीत. आडवी जागा चांगली कळते, उंचीचा आकडा कच्चा राहतो. ध्रुवाच्या अगदी जवळ पडद्यावरचा रेखांश प्रत्येक पावलाला उड्या मारतो, म्हणून तो सोडून फक्त अक्षांशाचा आकडा वाढतो आहे का ते पाहत चालायचं. बॅटरी थंडीत मिनिटांत बसते, ती आतल्या खिशात अंगाशी ठेवायची आणि उपकरण वाचनापुरतंच चालू करायचं. वाहत्या बर्फावर ९० अंशांचा आकडा दिसला की त्याच क्षणी पडद्याचं छायाचित्र घ्यायचं, सोबतीच्या दुसऱ्या उपकरणाचंही घ्यायचं, आणि वेळ जागतिक वेळेत लिहून ठेवायची. मार्गाची नोंद निदान शेवटच्या अंशापासून, म्हणजे १११ किलोमीटर आधीपासून, अखंड चालू ठेवायची. दहा मिनिटांनी आकडा बदललेला असेल, आणि त्या वेळी हाती असेल ती ही नोंदच.